एमसीबी पडतोय? मग मोठा बसवा!

आमच्या लहानपणी दिवाळीच्या आधी आठ-दहा दिवस एक दृश्य हमखास दिसायचं. मैदा, तूप, पिठीसाखर डब्यात घालून गल्लीतल्या बायका बेकरीत निघायच्या. तिथे पत्र्याच्या ट्रेमध्ये नानकटाई थापायची, भट्टीतून भाजून घ्यायची आणि गरम डबा फडक्यात गुंडाळून घरी आणायचा. रांग लांब, उकाडा भयंकर, आणि कुणाचा ट्रे कुठला यावरून दरवर्षी एक तरी भांडण. आई या सगळ्याला इतकी वैतागायची की "घरात एक ओव्हन असता तर..." हे वाक्य मी तिच्या तोंडून निदान पंचवीस दिवाळ्या ऐकलं असेल.

मग एकदाचा मी तो आणला. चाळीस लिटरचा ओटीजी, २००० वॅटचा. भट्टी घरात आली. बेकरीवाल्याने त्याच्या भट्टीची घेतलेली काळजी मात्र घरात आली नाही. ती कशी आली नाही, त्याची ही गोष्ट आहे. आजचा लेख जरा रागाने लिहितोय. पण राग सगळ्यात आधी स्वतःवर आहे, तेव्हा नातेवाईक मंडळींनी लगेच फोन करू नयेत.

आई-बाबांचा फ्लॅट पुण्यातला, सन १९८० नंतरच्या दशकातला. त्या काळच्या स्वयंपाकघरात मिक्सर आणि फ्रिज एवढीच कल्पना होती, त्यामुळे ओट्यावर पाच अँपिअरचे दोन पॉइंट. पंधराचा पॉवर पॉइंट घरात एकच, बाथरूममध्ये, गीझरसाठी. ओव्हनचा प्लग अर्थातच जाड पिनांचा, तो पाचाच्या सॉकेटमध्ये जाईना. मी खाली जाऊन कोपऱ्यावरच्या दुकानातून कन्व्हर्टर आणला. कन्व्हर्टर म्हणजे तो प्लास्टिकचा चौकोनी ठोकळा, ज्याच्या एका बाजूला जाड भोकं आणि दुसऱ्या बाजूला बारीक पिना असतात. कन्व्हर्टर भिंतीत, त्यात एक्स्टेन्शन बोर्ड, बोर्डात ओव्हन आणि उरलेल्या सॉकेटमध्ये बाबांची चहाच्या पाण्याची केटली. चार वाजता घरात केकचा वास आणि माझी कॉलर ताठ.

फक्त एक कटकट होती. ओव्हन चालू असताना बाबांनी केटली लावली की पाणी उकळायच्या आत एमसीबी पडायचा. वर करायचा, पुन्हा पडायचा. आईचा केक मध्येच बसायचा. दोन-तीन वेळा असं झाल्यावर मी सोसायटीच्या वॉचमनकडून नंबर घेऊन एका वायरमनला बोलावलं. तो आला, बोर्डाकडे एक नजर टाकली आणि म्हणाला, "साहेब, दहाचा आहे. बत्तीसचा टाकून देतो, परत पडणार नाही."

पाच मिनिटांचं काम. आणि तो खरं बोलला होता. एमसीबी परत पडला नाही.

तीनेक महिन्यांनी आईचा फोन. "अरे, शेजारी बोंबील भाजतायत की काय, आपल्या स्वयंपाकघरात सारखा मासळीचा वास येतोय." आमचं घर शुद्ध शाकाहारी आणि शेजारी त्या आठवड्यात गावाला गेलेले. मी फोनवर हसलो. दोन दिवसांनी आई पुन्हा म्हणाली, की वास ओव्हन लावला की येतो. तेव्हाही मी म्हणालो, "नवीन ओव्हन आहे, तापल्यावर येतो थोडा वास."

सुदैवाने त्याच आठवड्यात मामा आला. मामा वीज मंडळातून निवृत्त झालेला, आयुष्य सबस्टेशनात गेलेलं. त्याने दारात चप्पल काढता काढताच नाक वर केलं आणि आईला म्हणाला, "ताई, मेन बंद कर आधी." (नंतर त्याने सांगितलं, की स्विच-सॉकेटचं प्लास्टिक किंवा बेकलाइट जळायला लागलं की बऱ्याचदा असाच मासळीसारखा वास येतो. शाकाहारी घरात असा वास आला तर शेजाऱ्यांवर संशय घेण्याआधी सॉकेटवर घ्यावा.) त्याने सॉकेटची पट्टी उघडली. मागचं प्लास्टिक तपकिरी होऊन फुगलेलं, एका पिनेभोवती काळं कडं, आणि मागून येणाऱ्या वायरचं आवरण कुरकुरीत झालेलं, बोटाने चिमटलं की तुकडे पडत होते. लाकडी कपाटाच्या मागच्या फळीपासून हे सगळं चार बोटांवर.

कुणाला काही झालं नाही. पण आई दुपारी त्या ओट्यापाशी एकटी असते, आणि ओव्हन लावून तासभर आडवी होते. तो तास माझ्या डोक्यातून अजून जात नाही.

मामा मला रागावला नाही. त्याने शांतपणे एकच प्रश्न विचारला, "एमसीबी पडत होता तेव्हा तो काय सांगत होता?" मी म्हणालो, लोड जास्त होतोय. "मग तू लोड कमी केलास की त्याचं तोंड बंद केलंस?"

तर मंडळी, माझं भांडण या 'तोंड बंद करण्या'शी आहे.

आपला सगळ्यांचा, शिकल्यासवरल्यांचा, इंजिनिअर म्हणवणाऱ्यांचाही, एक पक्का गैरसमज आहे की एमसीबी हा उपकरणाच्या रक्षणासाठी असतो. तो पडला म्हणजे तो 'कमी पडला', तेव्हा मोठा बसवा. एमसीबी असतो तो भिंतीतल्या वायरसाठी. वायर जेवढा प्रवाह न तापता सोसू शकते, त्याच्या आतच एमसीबीने पडायला हवं. म्हणून एमसीबी ठरतो वायरच्या जाडीवरून. ओव्हन मोठा झाला म्हणून एमसीबी मोठा करायचा, तर आधी वायर मोठी करावी लागते. पण वायर भिंतीत असते, ती बदलायची तर झिरी मारा, प्लास्टर फोडा, रंग खराब करा. एमसीबी बाहेर असतो, पाच मिनिटांत बदलतो. सोपं ते केलं जातं.

गणित अगदी शाळेतलं आहे. वॅट भागिले व्होल्ट म्हणजे अँपिअर. आपल्याकडे घरात २३० व्होल्ट. २००० वॅटचा ओव्हन म्हणजे सुमारे ८.७ अँपिअर. १५०० वॅटची केटली म्हणजे ६.५. बेरीज पंधराच्या वर, त्याच लाइनवरचा फ्रिज धरला तर सोळा. हे सगळं पाच अँपिअरच्या (हल्ली त्याला सहाचा म्हणतात) सॉकेटमधून, आणि मागे वायर होती ३/२२. जुने वायरमन अजून हीच भाषा बोलतात. ३/२२ म्हणजे २२ गेजच्या तीन तारा, सगळं मिळून तांबं जेमतेम १.२ चौरस मिलिमीटर. दिवे-पंख्यांची वायर ती. तिच्यासाठी दहाचा एमसीबी बरोबर होता आणि तो आपलं काम इमानाने करत होता.

आणि बत्तीसचा? एमसीबी बत्तीसचा असला म्हणजे तो बत्तीसला पडतो, हाही दुसरा गैरसमज. प्रमाणाप्रमाणे एमसीबीने त्याच्या आकड्याच्या १.१३ पटीपर्यंत तासभर पडायचं नसतं आणि १.४५ पटीला तासाभरात पडायचंच असतं. म्हणजे बत्तीसचा एमसीबी छत्तीस अँपिअर तासभर निवांत जाऊ देतो, आणि सेहेचाळीसला 'तासाभरात कधीतरी' पडतो. माझ्या आईच्या ओट्यामागच्या त्या बारीक वायरला सोळाच जड जात होते. तिच्या दृष्टीने एमसीबी नसल्यातच जमा होता.

यात आणखी एक गोष्ट आहे, जी मला कळायला फार उशीर झाला. उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते. हे जूल या शास्त्रज्ञाने १८४१ मध्येच लिहून ठेवलंय, आणि आपण सगळे दहावीला ते पाठ करून पाच मार्क मिळवतो. प्रवाह दुप्पट, उष्णता चौपट. आता समजा सॉकेटमध्ये पिन जरा सैल बसलीये आणि तिथे एक दशांश ओहम एवढा क्षुल्लक रोध आहे. मोबाइलचा चार्जर लावला तर काहीही जाणवणार नाही. पण पंधरा अँपिअर गेले की त्या एका बिंदूवर वीस-बावीस वॅट उष्णता तयार होते. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडे डाग द्यायचं सोल्डरिंग आयर्न असतं ना, ते पंचवीस वॅटचं असतं. म्हणजे प्लास्टिकच्या सॉकेटमध्ये एक सोल्डरिंग आयर्न खुपसून आपण तासभर झोपायला जातो. तापलं की स्प्रिंग आणखी सैल होते, रोध आणखी वाढतो, आणखी तापतं. बत्तीसच काय, अशा सैल सांध्याला सोळाचा एमसीबीही पकडू शकत नाही, कारण प्रवाह वाढलेलाच नसतो. म्हणूनच तो कन्व्हर्टर मला आता विषाच्या पुडीसारखा वाटतो. जाड पिन बारीक भोकात जात नाही ती गैरसोय म्हणून केलेली नाही. सहा आणि सोळाच्या पिनांची मापं वेगळी ठेवलीच आहेत ती 'इथे मला लावू नको' हे आंधळ्यालाही कळावं म्हणून. आपण दुकानात जाऊन त्या सूचनेवरचा उतारा विकत आणतो.

आता तुम्ही म्हणाल, की वायरमन अडाणी होता. नाही हो. तो मी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देऊन गेला. मी विचारलं होतं, 'हा पडायचा थांबेल का?' मी जर विचारलं असतं, 'हा का पडतोय?' तर कदाचित तो दुसरं काही बोलला असता, आणि त्याने भिंत फोडायला लागेल असं सांगितलं असतं तर मीच त्याला 'लुटायला बघतोय' म्हणून घालवून दिलं असतं. हे मी प्रामाणिकपणे कबूल करतो. आपण वायरिंगचं काम पॉइंटच्या भावाने देतो आणि पॉइंटमागे दहा रुपये कमी करून घेतल्याचा आनंद मानतो. ते दहा रुपये तो कुठून काढणार? तांब्यातूनच.

आणि तो निदान वायरला हात तरी लावतो. बाकीच्यांचं काय? माझ्या एका मित्राने नुकतंच स्वयंपाकघर नवं केलं. इंटिरिअर डिझायनरने संगणकावर चित्र दाखवलं, त्यात डोळ्यांच्या उंचीवर बसवलेला बिल्ट-इन ओव्हन, खाली मऊ बंद होणाऱ्या ट्रॉल्या, वर मागून प्रकाश येणारी काच. हँडल मॅट की ग्लॉसी यावर तीन बैठका झाल्या. ओव्हन किती वॅटचा, त्याची लाइन कुठून येणार, यावर एकही नाही. ओव्हन आला, तो निघाला ३४०० वॅटचा, आणि कपाटाच्या मागे सापडला मिक्सरसाठीचा पॉइंट. मग काय, कपाटाला भोक पाडून एक्स्टेन्शन. ग्रॅनाइटला लाखभर, तांब्याला शून्य. विकणाऱ्याने काय सांगितलं? "लावा आणि वापरा." बिल्डरच्या माहितीपत्रकात काय होतं? "पुरेसे इलेक्ट्रिक पॉइंट्स." पुरेसे म्हणजे किती, आणि कशाला पुरेसे?

आणि माझ्या पाककृती लिहिणाऱ्या ब्लॉगर मैत्रिणींनो आणि मित्रांनो, तुमच्यावर माझं प्रेम आहे, तुमच्या कृतींवरच आमची आई केक शिकली. पण 'ओव्हन १८० अंशांवर दहा मिनिटं प्रीहीट करून घ्या' हे वाक्य मी शेकडो वेळा वाचलंय, आणि 'ओव्हन सोळाच्या स्वतंत्र पॉइंटला लावलाय ना, ते पाहून घ्या' हे एकदाही नाही. बेकिंग पावडर ताजी आहे का ते तुम्ही बघायला सांगता. तेवढंच हेही सांगा.

खरं तर गंमत अशी आहे, की आपल्याला हे कळत नाही असं नाहीच. गीझर घ्या. २००० वॅटचाच. त्याला आपण न बोलता वेगळी लाइन देतो, जाड वायर देतो, लाल दिव्याचा वेगळा स्विच देतो. एसीलाही देतो. तेवढ्याच वॅटच्या ओव्हनला मात्र मिक्सरचा पॉइंट चालतो. का? मला वाटतं, गीझर आणि एसी भिंतीवर टांगलेले असतात, ते बसवायला माणूस येतो, म्हणून ती 'मशीन' वाटतात. ओव्हन खोक्यातून येतो, ओट्यावर ठेवला जातो, त्यात केक होतो. तो आपल्याला भांडं वाटतो. कढई आणली, कुकर आणला, तसा ओव्हन आणला. भांड्याला कसली आलीये वायरिंग!

आणि गीझर पंधरा मिनिटांत बंद होतो, मिक्सर पाच मिनिटांत. ओव्हन दिवाळीत नानकटाईचे सहा घाणे काढतो तेव्हा तीन-चार तास चालतो. तापमान गाठल्यावर थर्मोस्टॅट मधूनमधून बंद करतो हे खरं, पण दार उघडलं, नवा ट्रे आत गेला की पुन्हा पूर्ण जोरात. घरात सगळ्यात जास्त वेळ सगळ्यात जास्त प्रवाह खाणाऱ्या वस्तूंपैकी ही एक, आणि तिचाच मान सगळ्यात कमी.

आता गॅसशी तुलना करा. आपल्याकडे गॅसची भीती प्रत्येक घराने पिढ्यानपिढ्या जपलीये. झोपताना रेग्युलेटर बंद केला का, हा प्रश्न आजीने आईला विचारला, आई आता सुनेला विचारते. रबरी नळी पाच वर्षांनी बदलायची हे सगळ्यांना पाठ आहे. वास आला की दिवा लावायचा नाही, खिडक्या उघडायच्या, हे पाच वर्षांच्या मुलालाही ठाऊक. आणि मुळात गॅसला स्वतःचा वासच नसतो. तो कळावा म्हणून मुद्दाम वासाचं द्रव्य मिसळतात. कुणी तक्रार केली आहे का कधी, की हा वास फार त्रास देतो, वास नसलेला सिलिंडर द्या?

विजेलाही वास नाही. तिच्यात मिसळलेला वास म्हणजे एमसीबी. आणि तो आला की आपण म्हणतो, बिनवासाचा द्या, मोठा बसवा!

हाच प्रकार आरसीसीबीचा. (बरेच जण त्याला अजून ईएलसीबी म्हणतात.) एमसीबी वायरसाठी, तसा हा माणसासाठी. गेलेला प्रवाह आणि परत आलेला प्रवाह यात ३० मिलिअँपिअरचा फरक पडला, म्हणजे कुठेतरी वीज बाहेर गळतेय, कदाचित एखाद्याच्या अंगातून, की हा क्षणात पडतो. आता ओव्हनच्या कॉइलच्या नळीत मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड भरलेली असते आणि ती पूड ओल धरते. पावसाळाभर ओव्हन कपाटावर पडून असतो, दिवाळीला काढला की पहिल्याच दिवशी आरसीसीबी पाडतो. इथे करायचं काय, तर ओव्हन तपासून घ्यायचा. करतात काय, तर आरसीसीबी 'खराब आहे' म्हणून तोच बायपास करून टाकतात. आणि मग पुढची कित्येक वर्षं त्या घरात गीझर, वॉशिंग मशीन, ओव्हन सगळं त्या संरक्षणाशिवाय चालू. पत्र्याच्या ओव्हनला हात लावल्यावर झिणझिण्या येतात असं एका काकूंनी मला मजेत सांगितलं होतं. "रबरी चप्पल घालून बेक करते मी," म्हणाल्या. अर्थिंगची वायर कुठे आहे विचारलं, तर तिसरी पिन 'आत जात नव्हती' म्हणून यजमानांनी काढून टाकलेली. ती पिन मुद्दाम जाड आणि लांब ठेवतात, कारण ती सगळ्यात आधी जोडली जावी आणि सगळ्यात शेवटी सुटावी. पण आपल्याला जे नडतं ते आपण कापतो.

यावर येणारी उत्तरंही मला पाठ आहेत.

पहिलं, "आमच्याकडे दहा वर्षं असंच चालू आहे, काही झालं नाही." माझ्याकडेही तीन महिने काही झालं नव्हतं. साध्या पीव्हीसी वायरचं आवरण ७० अंश सेल्सिअसपर्यंत सोसायला बनवलेलं असतं. त्याच्या वर नेलं तर ते त्याच दिवशी पेटत नाही, म्हातारं होतं. कडक होतं, भेगा पडतात. 'काही झालं नाही' म्हणजे 'अजून दिसलं नाही'. आणि दिसतं तेव्हा दुसऱ्या दिवशी पेपरात छापून येतं की शॉर्टसर्किटमुळे आग लागल्याचा प्राथमिक अंदाज आहे. शॉर्टसर्किट! जणू तो कुणी आकाशातून पडलेला ग्रह आहे. त्या वायरवर किती लोड होता, एमसीबी कितीचा होता, तो कुणी बदलला होता, हे कधी छापून येत नाही. दैवाला नाव मिळालं की चौकशी संपते.

दुसरं, "परदेशात बघा, कसं सगळं प्लग लावला की चालू." न्यू जर्सीत राहणाऱ्या माझ्या बहिणीनेच हे म्हटलं, म्हणून तिच्यासाठी हा परिच्छेद. ताई, तुझ्या घरात भिंतीतले साधे सॉकेट १२० व्होल्टचे आहेत, पण तुझी कुकिंग रेंज त्यावर चालत नाही. तिला २४० व्होल्टची, तीस ते पन्नास अँपिअरची, फक्त तिच्यासाठी ओढलेली लाइन आहे. रेंज पुढे ओढून मागचा प्लग बघ, मनगटाएवढा आहे. इंग्लंडमध्येही बहुतेक घरांत विजेच्या कुकरला स्वतःची लाइन आणि भिंतीवर स्वतःचा मोठा स्विच असतो. तिकडे प्लग लावला की चालू होतं, कारण कुणीतरी आधीच वायर घातलेली असते. (आणि हो, तिकडचा छोटा टोस्टर-ओव्हन इकडे आणायचा बेत रद्द कर. १२० व्होल्टची कॉइल २३० ला लावली तर वीज साडेतीन पटींहून जास्त खाईल. केक होणार नाही, होळी होईल.)

तिसरं उत्तर मात्र खरं आहे, आणि त्याच्यापुढे माझा आवाज खाली येतो. "भाड्याचं घर आहे. मालक भिंत फोडू देत नाही. आमच्याकडे एवढे पैसे नाहीत." मान्य. मग ओव्हन वायरला शोभेल असा घ्या. आठशे वॅटचा छोटा ओव्हन साडेतीन अँपिअरच घेतो, तो साध्या पॉइंटवर चालतो, फक्त त्याच बोर्डावर केटली-इस्त्री लावू नका. एकाच वेळी एकच तापणारी वस्तू, हा नियम फुकट आहे. आणि अगदीच नसेल जमत तर बेकरीत ट्रे घेऊन जाण्यात कमीपणा कसला? लोक पिढ्यानपिढ्या जात होते.

पण ज्यांचं स्वतःचं घर आहे, ज्यांनी ग्रॅनाइट निवडलंय, त्यांना मी सोडणार नाही. तुम्ही एवढं करा. ओव्हन विकत घेण्याआधी त्याच्या मागची पट्टी वाचा, वॅट बघा, २३० ने भागा. बोर्डापासून ओव्हनपर्यंत स्वतंत्र लाइन घ्या, मध्ये दुसरं काही जोडू नका. सोळाच्या सॉकेटला तांब्याची अडीच चौरस मिलिमीटर ही कमीत कमी, मी म्हणेन चारची घाला, फरकाचे पैसे एका ट्रॉलीच्या खिळ्यांइतके. तीन हजार वॅटच्या वरचा बिल्ट-इन असेल तर बनवणाऱ्याच्या पुस्तिकेत काय लिहिलंय ते वायरमनच्या हातात द्या. सोळाच्या काठावर तासन्‌तास चालवण्यापेक्षा सॉकेटऐवजी मोठ्या स्विचवर थेट जोडणी जास्त बरी. एमसीबी त्या नव्या वायरला साजेसा, आणि मागे ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी. अर्थिंग नुसतं 'आहे' म्हणू नका, मोजून घ्या. बिलावर मंजूर भार छापलेला असतो, तो बघा आणि कमी असेल तर वाढवून घ्या. आणि काम परवाना असलेल्या माणसाकडून करा. हा माझा हट्ट नाही. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षेचे विनियम आहेत, २०१० चे आणि नंतर २०२३ मध्ये नव्याने आलेले. बल्ब, पंखा, फ्यूज, स्विच बदलायला घरच्या माणसाला मुभा आहे, पण मांडणीची क्षमता किंवा स्वरूप बदलेल असं काम परवानाधारक कंत्राटदाराचं. दहाच्या जागी बत्तीस बसवणं हे काय आहे, ते तुम्हीच ठरवा.

ओव्हन बसला की अर्धा तास चालवून बंद करा, स्विच बंद करून प्लग काढा आणि पिनांजवळ हात नेऊन बघा. कोमट असेल तर ठीक. बोट ठेववत नसेल तर केक खाण्याआधी वायरमनला बोलवा.

आई-बाबांच्या घरी आम्ही शेवटी भिंत फोडली. आठ दिवस धूळ, बाबांची चिडचिड, रंगाचा एक पट्टा अजून वेगळा दिसतो. मामा स्टुलावर बसून देखरेख करत होता. चारची वायर, सोळाचा पॉइंट, आणि ओट्याच्या जुन्या लाइनवर पुन्हा तोच दहाचा एमसीबी. तो बत्तीसचा मी फेकला नाही. माझ्या टेबलावर ठेवलाय, पेपरवेट म्हणून.

गेल्या आठवड्यात बाबांनी सवयीने जुन्या बोर्डावर केटली आणि इस्त्री एकदम लावली. एमसीबी पडला. आईचा फोन आला, "अरे, पडला बघ तो परत."

मी म्हणालो, "पडू दे. विचार त्याला, काय म्हणतोय."